क्रेडिट फ्रीझ: फुकट आहे, करून टाका

न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी जुन्या इन्शुरन्सवाल्यांचं पत्र आलं की तुमचा डेटा लीक झालाय, सॉरी, मग काय रविवारी चहा घेऊन बसलो आणि इक्विफॅक्स, एक्स्पिरियन, ट्रान्सयुनियन या आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे फ्रीझ टाकलं, म्हणजे आपला क्रेडिट रिपोर्ट कुलूपबंद केला. तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं बरं का! सप्टेंबर २०१८ पासून कायद्यानेच फुकट आहे, पण एका साइटवर ते फुकटवालं बटण शोधता शोधता नाकी नऊ आले, सारखं आपलं महिन्याच्या पैशांचं कायतरी गळ्यात मारत होते. ते घेऊ नका.

फ्रीझ असलं की नवीन कर्ज देणाऱ्याला तुमचा रिपोर्टच दिसत नाही, म्हणजे चोराच्या हाती सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) लागला तरी तुमच्या नावावर कार्ड काढणं अवघड. क्रेडिट स्कोअरला धक्का नाही, जुनी कार्डं चालूच. पण असलेल्याच कार्डावर कोणी खरेदी केली तर याचा उपयोग शून्य, स्टेटमेंट बघत राहावंच लागतं.

नंतर गाडीच्या लोनसाठी फ्रीझ उठवलं, ऑनलाइन तासाभराच्या आत झालं. डीलरला आधी विचारा कुठला ब्युरो बघणार, तेवढाच उघडा. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बटणासाठी कापला.