मराठवाड्यात ५० एमएम एफ/१.८ लेन्स : एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्स १५००डी कॅमेऱ्यावर लावून तीनही ऋतू काढले. वापर सगळा मराठवाड्यातला: गावातली घरं, आठवडी बाजार, शिवार, वेरूळ-अजिंठ्याची लेणी. निष्कर्ष आधीच सांगतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सवर हात बसलाय, कार्ड फोटोंनी भरलंय, तरी माणसासमोर कॅमेरा उचलताना संकोच वाटतो, अशा हौशी माणसाने पुढची खरेदी हीच करावी. पार्श्वभूमी मऊ होते म्हणून लोक ही लेन्स घेतात, ते ठीकच आहे. तिचा मोठा गुण वेगळा आहे: तिला झूम नाही. कुठे उभं राहिलं की काय बसतं हे काही आठवड्यांत पायांनाच कळायला लागतं आणि कॅमेरा डोळ्याला लावायच्या आत फोटो ठरलेला असतो. समोरच्या माणसाला ताटकळत ठेवून रिंग फिरवत बसावं लागत नाही. संकोच बराचसा त्या ताटकळण्याचाच असतो.

अंतरांचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. १५००डीचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमीचा, त्यामुळे ही लेन्स फुल फ्रेमवरच्या (म्हणजे मोठ्या, ३६ × २४ मिमीच्या सेन्सरवरच्या) ८० एमएमइतका भाग दाखवते. एक मीटरवर आडव्या फ्रेममध्ये साधारण ४५ × ३० सेंमी बसतं, म्हणजे चेहरा आणि खांदे. दोन मीटरवर ९० × ६० सेंमी, म्हणजे डोक्यापासून साधारण कमरेपर्यंतचा माणूस. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा तर कॅमेरा उभा धरून चौदा फूट मागे जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत हे होत नाही, भिंतीला पाठ लावली तरी कमरेच्या जरा खालीच फ्रेम संपते. जवळात जवळ फोकस ३५ सेंमीवर होतो. तिथे फ्रेममध्ये तळहाताएवढा, साधारण १०.५ × ७ सेंमीचा तुकडा येतो. हे ३५ सेंमी सेन्सरपासून मोजायचे, लेन्सच्या टोकापासून नव्हे. त्यामुळे प्रत्यक्षात वस्तूच्या बरंच जवळ जाता येतं. अंगणात घागर ठेवून एक, दोन आणि चार मीटरवर खडूने रेघा मारा, प्रत्येक रेघेवरून काय बसेल ते आधी मनात ठरवा, मग व्ह्यूफाइंडरमधून पडताळा. आठवडाभर रोज दहा मिनिटं हे केलं की अंदाज चुकत नाही.

या लेन्सचं सगळ्यात सुंदर काम घराच्या दारात होतं. माळवदाच्या जुन्या घरांना जाड भिंती, लहान खिडक्या आणि एकच मोठं दार. बाहेर अंगणावर ऊन, आत अंधार. बसणारा माणूस उंबरठ्यापासून दोन-तीन फूट आत, सावलीत, तोंड दाराकडे. अंगणाच्या मातीवर पडलेलं ऊन उलटून चेहऱ्यावर येतं आणि ते इतकं मऊ असतं की सुरकुती न सुरकुती दिसते, पण कडक होत नाही. मागचा अंधार आपोआप काळा पडदा होतो. तुम्ही दाराच्या मधोमध उभे राहिलात तर तुमचीच सावली पडते, म्हणून एका चौकटीला लागून उभं राहा. मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड मोजायची पद्धत, पार्शल ठेवा. १५००डीत स्पॉट मीटरिंग नाही, पार्शल फ्रेमच्या मधला सुमारे दहा टक्के भाग मोजतं आणि एवढं पुरतं. नेहमीचं, सगळी फ्रेम मोजणारं इव्हॅल्युएटिव्ह ठेवलं तर ते मागचा अंधार उजळायला जातं आणि चेहरा पांढराफटक होतो. सुरुवात एफ/२.८ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), १/२५० (शटर, सेकंदात) आणि आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता) पासून करा.

याच दारात भाकरी थापणं टिपायला घ्या, सरावाला याहून चांगला विषय नाही. हात सतत चालू असतो. १/६० ला भाकरी आणि बोटं दोन्ही फिस्कटतात. १/१२५ ला भाकरी बऱ्यापैकी येते, थापणारी बोटं मात्र हलतात. दोन्ही थांबवायची तर १/५०० लागतं आणि आयएसओ १६०० पर्यंत जातो. पण एक क्षण असा असतो की सगळं आपसूक थांबतं: थापून झालेली भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून तव्यावर टाकायच्या आधी. तेव्हा १/२०० सुद्धा पुरतं. उजेड बाजूने असला तर परातीच्या कडेचं पीठ आणि भाकरीच्या काठाच्या बारीक चिरा दिसतात, समोरून असला तर सगळं सपाट. तव्यावर पाणी फिरवल्यावर निघणारी वाफ पकडायची तर उजेड वाफेच्या मागून यायला हवा आणि वाफेमागे काळोखी भिंत हवी. दार एका अंगाला, भिंत समोर, अशी जागा बहुतेक स्वयंपाकघरांत सापडते. चुलीच्या कोपऱ्यात उजेड फार कमी असतो, तिथे एफ/२, १/१२५, आयएसओ ३२०० लागतो आणि दाणा, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा, दिसतोच. दाणा चालतो, हललेला फोटो चालत नाही. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून हातात धरून १/१०० च्या खाली जाऊ नका.

घरात नुसत्या एलईडी बल्बचा उजेड असेल तर शटर १/१०० वर ठेवा, कॅमेरा कुठे टेकवता आला तर १/५० वर. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. शटर वेगवान केलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, पुढचा मळकट येतो. लेन्स खराब निघाली असं वाटून लोक दुकान गाठतात, दोष बल्बचा असतो.

दुपारचं ऊन मात्र या लेन्सला झेपत नाही आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी नऊपासूनच दुपार असते. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर साधारण १/१०० लागतं. एफ/२.८ वर तेच १/३२०० होतं. एफ/१.८ वर १/८००० लागेल आणि या कॅमेऱ्याचं शटर १/४००० ला संपतं. म्हणजे भर उन्हात पूर्ण उघडं ॲपर्चर वापरलं की फोटो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त उजळ येणार, पांढरं धोतर आणि फेटा कोरा कागद होणार, घडी न घडी गायब. उन्हात एफ/४ च्या पुढेच राहा. पांढरे कपडे असतील तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने कमी करा आणि माणसाला कडुलिंबाखाली घ्या. लिंबाची सावली विरळ असते, चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडतात, म्हणून खोडाच्या सावलीत घ्या.

असाच प्रश्न येळवशीला येतो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप (खोपटी) उभी राहते, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा होते, मग भज्जी, आंबील आणि उंड्यांची पंगत. कोपीच्या कडब्यातून ऊन फटीफटीने आत येतं आणि चेहऱ्यांवर पट्टे उमटतात. डोळ्यावर पट्टा आला तर फोटो टाकून द्यावा लागतो. पण तेच पट्टे आंबिलाच्या गाडग्यावर, पुजेच्या हळदी-कुंकवावर, वाढणाऱ्या हातावर पडू दिले तर असा उजेड वर्षभरात दुसरीकडे मिळत नाही. एक्स्पोजर पट्ट्यावर धरा, सावलीवर नको. माणसांचे चेहरे कोपीच्या तोंडाशी घ्या, वस्तू आत.

आता माणसांना विचारण्याबद्दल. परवानगी मागण्याआधी कॅमेरा तयार हवा: एव्ही मोड (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/४, ऑटो आयएसओ, फोकस मधल्या बिंदूवर. सावलीत शटर १/१२५ च्या वर राहतंय का, ते जवळच्या भिंतीवर आधीच बघून घ्या. मग जाऊन सरळ विचारा, "मामा, एक फोटो काढू का?" किंवा "मावशी, भाजी निवडताना घेऊ का फोटो?" काम चालू ठेवायला सांगितलं की हात मोकळे राहतात आणि चेहरा ताठ होत नाही. "काढा की, पर पैशे किती?" हा प्रश्न हमखास येतो. पैसे नाहीत, फोटो आणून देतो, एवढं सांगा आणि खरंच आणून द्या. आठवडी बाजार त्याच वारी, त्याच जागी भरतो, त्यामुळे फोटो पोचवणं अवघड नाही. नाही म्हटलं तर हसून पुढे जा, लांबून चोरून काढू नका. या लेन्सने तसं जमतही नाही, आणि मला हा तिचा गुण वाटतो.

प्रिंट ४ × ६ इंचाची काढा, कॅमेऱ्याच्या ३:२ प्रमाणात ती न कापता बसते. ५ × ७ ला कडा जातात, कडेला ठेवलेला हात किंवा घागर अर्धी होते. मोबाइलच्या उजळ पडद्यावर बरा दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, म्हणून प्रिंटला देण्याआधी तिसरा भाग ते अर्धा स्टॉप उजळ करा. कागदावरचा फोटो हातात घेऊन माणूस घरातल्यांना हाक मारतो, आणि पुढच्या वेळी तोच शेजारच्या दुकानदाराला बोलावून आणतो. अनोळखी बाजारात कॅमेरा घेऊन ताठ मानेने फिरायला याहून मोठी ओळखपत्र-चिठ्ठी लागत नाही.

तक्रारी दोन-तीन आहेत आणि त्या खऱ्या आहेत. एफ/१.८ ला एक मीटरवर फोकसची खोली जेमतेम पावणेतीन सेंमी असते. पापण्या स्पष्ट आणि नाकाचं टोक मऊ येतं, तिरका चेहरा असेल तर दुसरा डोळाही जातो. एफ/२.८ ला ती सव्वाचार सेंमी होते, म्हणून चेहऱ्यासाठी मी एफ/२.८ च धरतो. कॅमेऱ्यात नऊ फोकस बिंदू आहेत, त्यातला मधला क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, आणि भरवशाचा. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून मग फ्रेम सरकवायची पद्धत एफ/१.८ ला जवळून फसते, कारण कॅमेरा वळवताना तेवढं अंतर बदलतं. जरा मोकळी फ्रेम घेऊन नंतर कापणं बरं, २४ मेगापिक्सेल त्यासाठीच आहेत.

व्ह्यूफाइंडरमधून फोकस सतत पुढे किंवा मागे पडतोय असं वाटलं तर तपासा: मोजपट्टी तिरकी ठेवा, एक मीटरवरून, स्टँडवर, एफ/१.८ ला काही फोटो घ्या, मग तेच लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. लाइव्ह व्ह्यूचे स्पष्ट आणि दुसरे नाहीत, तर बॉडी आणि लेन्सची जोडी जुळवून घ्यावी लागेल. १५००डीच्या मेन्यूत ती दुरुस्ती करायची सोय नाही, सेवा केंद्रातच द्यावं लागतं.

लेण्यांबद्दल थोडक्यात. अजिंठ्याला फ्लॅश बंदी आहे. हिरवा ऑटो मोड ठेवला तर फ्लॅश आपोआप उघडतो, म्हणून तिथे एव्ही किंवा एम (सगळं हाताने ठरवायचा) मोडच. एफ/२, १/१००, आयएसओ ६४०० अशी तयारी ठेवा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, दुपारनंतर उजेड आत शिरतो. कैलास लेणं या लेन्समध्ये मावत नाही, पायथ्याची हत्तींची रांग मात्र एकेक करून अप्रतिम येते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. पैठणच्या नाथसागर जलाशयावरच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी ही लेन्स नेऊच नका: शंभर मीटरवरचा सव्वा मीटर उंच पक्षी चार हजारांपैकी जेमतेम १७० पिक्सेल व्यापतो.

धूळ हा आपल्याकडचा मोठा शत्रू. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. फोकस करताना लेन्सची आतली नळी पुढे येते आणि धूळ तिथूनच शिरते. फोकस मोटरने चालतो, त्यामुळे कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून नळी आत जात नाही. बंद करण्याआधी दूरच्या वस्तूवर फोकस करून नळी आत घ्या, बाहेर राहिलेल्या नळीवर धक्का बसला तर यंत्रणाच बिघडते. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे. सेन्सरवर धूळ आहे का बघायला एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या, काळे ठिपके तिथे दिसतात. ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब धुळीपेक्षा वाईट.

पावसाळ्यात बुरशीपासून जपायला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की ते ओले झाले. तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला ऐकू नका, तांदळाची पूड आत जाते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत कॅमेरा नको, तो ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे आणि बंद गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

सोबत काय घ्यावं, तर आधी ईएस-६८ हूड. तो उन्हाची तिरीप अडवतो आणि लेन्स आपटली तर पहिला मार खातो. मग एलपी-ई१० ची दुसरी बॅटरी. ४९ मिमीचा यूव्ही फिल्टर सगळ्यात शेवटी. स्वस्त काचेने संध्याकाळी दिव्यांची भुतं फोटोत उमटतात, म्हणून घ्यायचाच तर कोटिंगवाला घ्या आणि रात्रीच्या फोटोंना काढून ठेवा. जुनी लेन्स घेत असाल तर ती कॅमेऱ्यावर लावून जवळ-लांब दहा-बारा वेळा फोकस करून बघा. मोटर मध्येच अडखळली, किंवा काचेतून टॉर्च धरल्यावर आत जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, तर परत द्या, दुरुस्तीचा खर्च नव्या लेन्सच्या जवळ जातो.