आरोग्य-तंत्रज्ञान परिषद, पुणे : मुख्य सभागृह सोडा, कार्यशाळा गाठा

सांगलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं आयटी मी बघते. म्हणजे सर्व्हर, बिलिंग, बंद पडलेला प्रिंटर, सगळंच. पुण्यातल्या हॉटेलात भरलेल्या या दोन दिवसांच्या परिषदेची फी साडेसात हजार, वर जीएसटी. फी मंजूर करताना ट्रस्टींनी विचारलं होतं, ‘तिथं जाऊन नेमकं काय मिळणार?’ म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला दिवस चुकला तरी काही बिघडत नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, मग एआय, एआय आणि एआय. व्यासपीठावरच्या सहाजणांत रोज हॉस्पिटलात बसणारा एकच, आणि त्याच्यापर्यंत माइक पोचेस्तोवर जेवणाची वेळ झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरनं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, ठप्प झाले, ओपीडीपासून लॅबपर्यंत सगळं हातानं लिहायची पाळी आली. तेवढ्यावरच तासभर बोलता आलं असतं. बॅकअप कुठं ठेवायचा? हल्ला झाला की सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सहा तासांत कळवायचं, तर रात्रपाळीला ते कोण कळवणार? त्याऐवजी एक स्लाइड आणि ‘सायबर सुरक्षा ही काळाची गरज’. पनीर मात्र चांगलं होतं.

पैसे वसूल झाले ते दुसऱ्या दिवशीच्या कार्यशाळेत. विषय होता आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला, म्हणजे रुग्णांच्या नोंदी डिजिटल करून जोडायच्या केंद्राच्या योजनेतला, एम-टू हा दुसरा टप्पा. एम-वन म्हणजे रुग्णाचा 14 अंकी आभा नंबर, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढणं आणि पडताळणं; ते आमच्याकडे झालंय. एम-टूमध्ये डिस्चार्ज समरी, लॅब रिपोर्ट वगैरे एफएचआयआर या आरोग्य-माहितीच्या ठरलेल्या साच्यात बसवून रुग्णाच्या आभाशी जोडायचे. शिकवणाऱ्या मॅडमनी हे स्वतः करून पाहिलेलं, त्यामुळे त्या थेट दुखण्यावर आल्या. रुग्ण ॲपवरून आपले जुने कागद शोधतो, तेव्हा आपल्याला मोबाइल, नाव, लिंग, जन्मवर्ष जुळवून बघावं लागतं. आणि आमच्या रजिस्टरात? सासू, सून, नातू, सगळ्यांना एकच मोबाइल. जन्मवर्षाच्या जागी ‘वय 60 अंदाजे’. आधारवर सुनीता, केसपेपरवर सुनंदा. मॅडम म्हणाल्या, सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी केसपेपरच्या खिडकीवर क्यूआर लावा, स्कॅन अँड शेअर चालू करा, म्हणजे रुग्णानंच मोबाइलवरून तो स्कॅन करून आपली माहिती पाठवायची. नाव-वय रुग्णाच्या आभातूनच येतं, कुणी टाइप करायचा प्रश्नच उरत नाही. स्नोमेड सीटी, म्हणजे आजार-उपचारांच्या संज्ञांचा कोडवार कोश, भारतात फुकट वापरता येतो, आणि त्याचं काम बघणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे, हेही तिथंच कळलं. हॉटेलपासून ते केंद्र असं कितीसं लांब!

आता ओळखीपाळखी. हॉस्पिटलवाल्यांच्या बॅजला हिरवी फीत होती, म्हणजे ‘हे गिऱ्हाईक’. फीत दिसली की स्टॉलवाले धावत येतात, ‘मॅडम, फक्त एक मिनिट’ म्हणत बॅजवरचा कोड स्कॅन करतात, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. आत सभागृहात 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यावर व्याख्यान चालू, संमती कशी स्पष्ट आणि ठराविक कारणापुरतीच हवी, वगैरे. बाहेर माझा नंबर न विचारता उचलला जातोय. शेवटी मी बॅज उलटा करून हिंडले. परिषदेच्या ॲपमध्येही भेटीच्या विनंत्या आल्या त्या सगळ्या विकणाऱ्यांच्याच. आमच्याएवढ्या हॉस्पिटलातली माणसं शोधायची सोय नाही.

तशी माणसं मला चहाच्या रांगेत भेटली. इचलकरंजीच्या एका लॅबवाल्यांनी त्यांच्याकडच्या तपासण्यांना लॉइंक कोड (लॅब तपासण्यांचे जगभर चालणारे क्रमांक) लावून ठेवलेली एक्सेल शीट तिथल्या तिथं व्हॉट्सॲपवर पाठवली. हिमोग्लोबिन 718-7 पासून खाली शंभरेक ओळी. हे काम मी करायला घेतलं असतं तर महिना गेला असता. बदल्यात त्यांना आमचा सर्व्हर पडला की वापरायच्या छापील फॉर्मांचा संच दिला.

फक्त दुसऱ्या दिवसाची नोंदणी मिळते का, हे आयोजकांना आधी विचारा. कार्यशाळेच्या खोलीत खुर्च्या चाळीसच आहेत आणि उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे होते.