सौर ऊर्जेत संशोधन करायचंय: ग्लव्हबॉक्स की गच्ची?

नेट निघाली आहे किंवा गेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश मिळतोय, आणि विषय सौर ऊर्जाच घ्यायचा हेही ठरलंय. नागपुरातून एवढ्यापर्यंत आलेल्यांसमोर आज प्रामुख्याने दोन वाटा असतात. एक, नव्या पदार्थांचे सेल बनवायचे, म्हणजे आजच्या घडीला बहुधा पेरोव्स्काइट, एका विशिष्ट स्फटिकरचनेचे पदार्थ. दोन, तयार मॉड्यूल (सौर पॅनेल) उन्हात वर्षानुवर्षं कशी वागतात, कशाने झिजतात ते शोधायचं. इन्व्हर्टर आणि ग्रिडची तिसरी वाटही आहे, पण ती मुळात विजेच्या अभियंत्यांची, म्हणून इथे बाजूला ठेवतो. फेलोशिप दोन्हीकडे सारखीच: पहिली दोन वर्षं दरमहा 37,000, एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर 42,000, वर घरभाडे भत्ता. पैशांवरून निवड होणार नाही.

पेरोव्स्काइटची ओढ समजण्यासारखी आहे. 2009 साली जपानमधल्या मियासाकांच्या गटाने 3.8 टक्के कार्यक्षमता दाखवली. आज एकेरी सेल 26 टक्क्यांच्या पुढे आहेत आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवलेले टँडेम सेल 34 च्या पुढे. सिलिकॉनला अशा प्रवासाला कित्येक दशकं लागली. शिवाय सकाळी काच धुतली की एकदोन दिवसांत आपला सेल आपल्या हातात असतो, आणि ते समाधान मोठं असतं.

एका बॅचचं काम साधारण असं चालतं. एफटीओची (वीजवाहक थर चढवलेली) काच साबणाचं पाणी, डीआय (क्षार काढलेलं) पाणी, अ‍ॅसिटोन आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) यांत अल्ट्रासॉनिकमध्ये प्रत्येकी 15 मिनिटं, मग यूव्ही-ओझोन 15 मिनिटं. टिन ऑक्साइडचा थर, 150 अंशांवर अर्धा तास. डीएमएफ आणि डीएमएसओ ही द्रावकं 4:1 घेऊन केलेलं पेरोव्स्काइटचं द्रावण 4000 आरपीएमला 30 सेकंद फिरवायचं आणि मधल्या एका ठरावीक सेकंदाला क्लोरोबेंझीन सोडायचं. तो क्षण दोनतीन सेकंदांनी चुकला तरी फिल्म आरशासारखी न येता धुरकट येते. मग 100 अंशांवर 10 मिनिटं, त्यावर स्पायरो (सेलमधला धन विद्युतभार वाहून नेणारा सेंद्रिय पदार्थ), शेवटी इव्हॅपोरेटरमध्ये 80 नॅनोमीटर सोनं. प्रत्येक पायरी शिकता येते, सहा महिन्यांत हात बसतो.

माझ्या दृष्टीने निकाल लावणारी अडचण पुढची आहे, आणि ती हवेतल्या पाण्याची आहे.

नागपुरात मे महिन्यात दुपारी आर्द्रता 15–20 टक्क्यांपर्यंत उतरते. मृगाचा पाऊस लागला की चित्र पालटतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती 80–90 टक्क्यांवर असते. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या नेहमीच्या पेरोव्स्काइटला पाणी लागलं की आधी त्याचं हायड्रेट होतं, मग ते फुटून लेड आयोडाइड उरतं. काळी-तपकिरी फिल्म कडेपासून पिवळी पडत जाते. पण हा झाला डोळ्यांना दिसणारा बिघाड. जास्त त्रास न दिसणाऱ्याचा असतो: स्फटिक वाढत असतानाच ओलावा शिरला तर बारीक छिद्रं राहतात, फिल्म वरून चांगली दिसते आणि सेलचा व्होल्टेज मात्र पडलेला असतो. मे महिन्यात बसवलेली कृती जुलैमध्ये जशीच्या तशी केली तरी तेच आकडे येत नाहीत.

यावर उत्तर म्हणून ग्लव्हबॉक्स असतो, म्हणजे नायट्रोजन भरलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी. ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही 1 पीपीएमखाली असेल तर बाहेरच्या पावसाने काही बिघडत नाही, हे कबूल. पण त्याची देखभाल स्वतंत्र काम आहे. डीएमएफ आणि क्लोरोबेंझीनच्या वाफा शुद्धीकरणाच्या तांब्याच्या कॅटॅलिस्टला मारतात, म्हणून स्पिन कोटिंग करताना वायूचं अभिसरण बंद ठेवायचं आणि नंतर बॉक्स नायट्रोजनने धुवून काढायचा. हायड्रोजन मिसळलेला वायू वापरून कॅटॅलिस्टचं रिजनरेशन (पुन्हा ताजं करणं) करायला बहुतेक आख्खी रात्र जाते, आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यातही एक विरोधाभास आहे. स्पायरोला वीज नीट वाहून न्यायला ऑक्सिजन लागतो, म्हणून फिल्म बॉक्सबाहेर काढून रात्रभर कोरड्या हवेत ठेवतात. त्यातलं लिथियमचं क्षार पाणी ओढतं. पावसाळ्यात डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल बघता बघता गुलाबी होतं. ते 120 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा भरायचं कुणी विसरलं, की त्या बॅचचे सगळे सेल संशयास्पद.

आणि संशय हाच खरा मुद्दा आहे. तुम्ही एक नवं अ‍ॅडिटिव्ह घातलंत आणि कार्यक्षमता दोन टक्क्यांनी वाढली. ती अ‍ॅडिटिव्हमुळे, की त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली म्हणून? की लेड आयोडाइडची नवी बाटली उघडली म्हणून? प्रत्येक बॅचमध्ये निम्मे सेल अ‍ॅडिटिव्हशिवाय ठेवणं, दोन्ही गटांत किमान 20 सेल मोजणं आणि सर्वोत्तम आकड्यासोबत सगळ्यांचा पसारा छापणं, एवढाच इलाज आहे. दमटपणाशी झगडणाऱ्या लॅबमध्ये पीएच.डी.चं एक पूर्ण वर्ष अशा प्रश्नांत जातं, असा माझा अंदाज आहे. चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी कमी जात असेल.

आता गच्चीवरचं काम. इथे ऋतूंच्या त्याच टोकांचा तुमच्या मोजमापाला उपयोग होतो. मॉड्यूलवरचा छापील वॅटेज 25 अंश सेल तापमान आणि 1000 वॅट प्रति चौरस मीटर उन्हासाठी असतो. नवतप्यात हवा 45 अंश, वारा पडलेला, ऊन 1000 च्या आसपास. एनओसीटी (ठरावीक उन्हा-वाऱ्यात सेलचं नेहमीचं तापमान) 45 धरून हिशेब केला तर सेल 76 अंशांवर जातो, म्हणजे 51 अंश जास्त. तापमान गुणांक (प्रत्येक अंशामागे होणारी घट) 0.35 टक्के असेल तर जवळपास 18 टक्के घट. 550 वॅटचं मॉड्यूल 450 वर येतं. हीच तुलना टॉपकॉन किंवा एचजेटी या नव्या प्रकारच्या सिलिकॉन सेलशी करायची असेल, ज्यांचे गुणांक अनुक्रमे 0.3 आणि 0.25 च्या आसपास असतात, तर विदर्भातला मे महिना पुण्या-बंगळुरूपेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे.

धुळीचंही तसंच. दोन सारखी मॉड्यूल दक्षिणेकडे 20 अंश कलवून बसवायची, एक रोज पुसायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि शॉर्ट-सर्किट करंटचं गुणोत्तर बघत राहायचं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला राख, खाणींच्या पट्ट्यात कोळशाची भुकटी, आणि हिवाळ्यात पहाटेच्या दवाने या सगळ्याचा काचेवर लेप. किरकोळ पावसाने लेप धुतला जात नाही, चिखल उतरून खालच्या चौकटीलगत पट्टी बसते. अशी पट्टी असताना करंटचं गुणोत्तर फसवतं, पूर्ण आयव्ही (करंट-व्होल्टेज) वक्र काढून कमाल शक्तीच मोजावी लागते. पुसायचं काम सूर्य वर येण्याआधी उरकायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये आणि बोअरचं जड पाणी टाळावं, त्याचे पांढरे डाग धुळीपेक्षा चिवट असतात.

इथे बिघडतं ते साध्या गोष्टींत. मॉड्यूलच्या पाठीला लावलेल्या पीटी100 या तापमान सेन्सरचा टेप उन्हात सुटतो, सेन्सर हवेत लोंबतो आणि तापमान 5–10 अंशांनी कमी दिसायला लागतं. आकडे नोंदवणाऱ्या लॉगरच्या फाईलमध्ये ते सहज लक्षात येत नाही. लॉगरचा डबा उन्हात ठेवला तर बॅटरी आधी जाते. पायरॅनोमीटरचा, म्हणजे ऊन मोजणाऱ्या उपकरणाचा, घुमट पुसायचा राहिला तर ऊन कमी नोंदलं जातं आणि मळकं मॉड्यूल कागदावर चांगलं ठरतं. निरभ्र दिवसाच्या आलेखात सकाळ फुगलेली आणि दुपार खचलेली असेल तर आधी लॉगरचं घड्याळ तपासा, मग मॉड्यूलची दिशा. थर्मल कॅमेऱ्याने हॉटस्पॉट शोधायचे तर ऊन किमान 600 वॅट प्रति चौरस मीटर हवं. इलेक्ट्रोल्युमिनेसन्सचे फोटो (मॉड्यूलला वीज दिल्यावर त्यातून निघणाऱ्या अंधुक प्रकाशाचे) मात्र अंधार पडल्यावरच. आणि चालू स्ट्रिंगचा (एकामागे एक जोडलेल्या मॉड्यूलच्या साखळीचा) एमसी4 कनेक्टर कधीही ओढायचा नाही: 1000 व्होल्ट डीसीचा आर्क एसीसारखा स्वतःहून विझत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, क्लॅम्प मीटरवर करंट शून्य दिसला की मगच कनेक्टर.

या वाटेचा दोष सरळ सांगायला हवा: वेळ. सिलिकॉन मॉड्यूल वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का झिजतं आणि बाहेर काढलेल्या आयव्ही वक्राची अनिश्चितता चार-पाच टक्के असते. एका वर्षात काहीही सिद्ध होत नाही. तेच उपकरण, तोच ऋतू ठेवून मागच्या वर्षाशी तुलना करत जायचं. त्यासाठी आरडीटूल्ससारखी मोफत साधनं आहेत, पण डेटा किमान दोन वर्षांचा लागतो. तोवर हात रिकामे राहू नयेत म्हणून पहिल्या वर्षी धूळ आणि तापमान यांवरचं काम उरकावं, ते एकेका हंगामात पुरं होतं. मोठ्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकांत या विषयाला जागा कमी मिळते, हेही खरं. प्राध्यापकीच्या मुलाखतीत पेपर मोजले जातात आणि तिथे पेरोव्स्काइटवाला पुढे असण्याची शक्यता आहे.

तरी माझा कल गच्चीकडे आहे. आयईसी 61215 या मॉड्यूल चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातली 85 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची कसोटी 1000 तासांची, म्हणजे 42 दिवसांची. तिच्यातून लवकर उघडे पडणारे दोष कळतात, पंचवीस वर्षांचं आयुष्य कळत नाही. आयआयटी मुंबईतल्या एनसीपीआरई या सौर संशोधन केंद्राने एनआयएसई या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेसोबत 2013 पासून देशभर मॉड्यूलच्या पाहण्या केल्या, त्यांत उष्ण भागांत झीज जास्त दिसली. विदर्भात आता घरांच्या छतांवर आणि शेतीच्या फीडरसाठी मॉड्यूल भराभर बसत आहेत. त्यातली किती 2040 मध्ये नीट चालत असतील, हे इथेच उभं राहून मोजावं लागेल आणि मोजणारे हात थोडे आहेत. नोकरीच्या अंगानेही चाचणी प्रयोगशाळा, मॉड्यूल कारखान्यांचे गुणवत्ता विभाग आणि प्रकल्प चालवणाऱ्या कंपन्या या माणसांना घेतात, आणि त्यासाठी परदेशी पोस्टडॉकची अट सहसा नसते. लॅबमधल्या सेलचं क्षेत्रफळ पुष्कळदा 0.09 चौरस सेंटिमीटर असतं, मॉड्यूलचं अडीच चौरस मीटर. त्या मधल्या अंतरावर काम करणं मला जास्त गरजेचं वाटतं.

रसायनशास्त्रात हात चांगला असेल, पीएच.डी.नंतर दोन-चार वर्षं बाहेर जायची तयारी असेल आणि पुण्या-मुंबईच्या सुसज्ज लॅबमध्ये जागा मिळत असेल, तर पेरोव्स्काइट जरूर घ्यावं. नागपुरातच राहून करायचं असेल तर नोंदणीआधी लॅब ऑगस्टमध्ये एकदा बघून या. ग्लव्हबॉक्सच्या पडद्यावर पाण्याचा पीपीएम किती दिसतो, शेवटचं रिजनरेशन कधी झालं आणि मागच्या पावसाळ्यातल्या बॅचचे आकडे वहीत आहेत का, हे तिथल्या सीनियरना विचारा. गच्चीवरचं काम घेणार असाल तर गाईडना दोनच गोष्टी विचारा: पायरॅनोमीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं केव्हा झालं, आणि आधीच्या विद्यार्थ्याचा डेटा कुठे ठेवलाय. दोन वर्षांचा सलग, मिनिटामिनिटाचा डेटा आधीच पडून असेल तर तुमची पहिली दोन वर्षं वाचली.