व्हीएममध्ये गेम सुरू केला की माऊस का पिसाळतो: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर की केव्हीएम?

व्हीएम म्हणजे आपल्या संगणकातच चालणारा दुसरा आभासी संगणक. त्याच्या डेस्कटॉपवर माऊस शहाण्यासारखा वागतो. गेम सुरू केला की कॅमेरा एकतर आभाळाला चिकटतो, नाहीतर गरगरत सुटतो. अशा वेळी सेन्सिटिव्हिटीशी खेळत बसू नका, दुखणं वेगळंच आहे. आपल्या सोयीसाठी व्हीएम गेस्टला (आतल्या आभासी संगणकाला; बाहेरचा खरा तो होस्ट) माऊसऐवजी एक खोटा यूएसबी टॅबलेट, म्हणजे पेनने चित्रं काढायची पाटी, जोडते आणि 'पॉइंटर पडद्यावर अमुक ठिकाणी आहे' एवढंच कळवते. शूटर गेमला हवं असतं ते 'माऊस किती सरकला' हे. गेम दर फ्रेमला पॉइंटर मध्यावर आणून ठेवतो, व्हीएम पुन्हा आपलीच जागा सांगते. या ओढाताणीत आपलं डोकं फिरतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये इनपुट मेनूतलं माऊस इंटिग्रेशन बंद करा. तेवढ्यावर भागलं नाही, तर मशीन बंद करून सिस्टम सेटिंगमध्ये पॉइंटिंग डिव्हाइस म्हणून पीएस/२ माऊस निवडा. यानंतर माऊस खिडकीत अडकेल, तो उजव्या कंट्रोलने सोडवायचा. जुन्या, हलक्या गेमना हे पुरेसं आहे. थ्रीडी मात्र इथे लंगडंच.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये यासाठी वेगळी सोयच आहे: प्रेफरन्सेस, मग इनपुट, आणि 'ऑप्टिमाइझ माऊस फॉर गेम्स' ला 'ऑल्वेज'. डायरेक्टएक्स ११ चालतं, आणि नोव्हेंबर २०२४ पासून प्रो आवृत्ती सगळ्यांना फुकट आहे. खोच एकच. माऊस सोडवायची किल्ली कंट्रोल-ऑल्ट. कंट्रोलने खाली वाकलेला असताना ऑल्ट दाबला गेला, की ऐन चकमकीत माऊस हातचा गेलाच. हॉट कीज आधी बदलून घ्या. बहुतेकांना मी हाच पर्याय सुचवेन.

केव्हीएमच्या, म्हणजे लिनक्समधल्या व्हीएम-सोयीच्या, वाटेला ग्राफिक्स कार्ड पासथ्रू करणार (खरं कार्ड थेट गेस्टला देणार) असाल तरच जा. व्हर्ट-मॅनेजर हा तिथला व्हीएम सांभाळणारा प्रोग्राम मशीनला आपणहून टॅबलेट जोडतो, तो काढा. गेस्टचा पडदा दाखवायला स्पाइस वापरत असाल तर मशीनच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये माऊस मोड 'सर्व्हर' करा. पण खरी मजा ईव्हडेव्ह या लिनक्सच्या इनपुट सोयीमध्ये: माऊस थेट गेस्टकडे जातो आणि दोन्ही कंट्रोल एकत्र दाबले की होस्टकडे परत येतो. व्हर्ट-मॅनेजरच्या मागे काम करणाऱ्या लिबव्हर्टच्या ७.४ आवृत्तीपासून एक्सएमएलमध्ये त्याला स्वतःचा टॅग आहे, त्याआधी क्यूईएमयूच्या (प्रत्यक्ष व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कमांड हाताने घुसवाव्या लागत. अख्खा यूएसबी माऊसच गेस्टला देऊन टाकणं सर्वांत सोपं, फक्त होस्टसाठी दुसरा माऊस हवा.

व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटर गेमसाठी हा खटाटोप करणार असाल तर नकोच. त्याचं व्हँगार्ड हे फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर व्हीएमला दारातूनच परत पाठवतं.