आर्गपार्स, क्लिक की टायपर: पायथनच्या कमांड-लाइन साधनासाठी काय घ्यावं?

मागे एका गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबासाठी मी पायथनमध्ये एक छोटं साधन लिहिलं होतं. बँकेची सीएसव्ही आत घ्यायची, देखभाल शुल्काच्या नोंदींशी ती जुळवायची आणि थकबाकीदारांना मेल धाडायचा. मेल धाडण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून मी `--पाठव फॉल्स` (पाठवू नकोस, या अर्थानं) असं चालवलं, आणि सव्वातीनशे सभासदांना मेल गेला. जुळणी अर्धवट होती, त्यामुळे ज्यांची बाकी शून्य त्यांनाही.

चूक माझीच. कमांड-लाइनवर लिहिलेलं वाचून देणाऱ्या आर्गपार्स या लायब्ररीत त्या फ्लॅगचा (दोन डॅशांनी सुरू होणाऱ्या पर्यायाचा) टाइप मी ‘बूल’, म्हणजे खरं-खोटं, ठेवला होता. टाइप म्हणून जे फंक्शन द्याल ते आर्गपार्स मिळालेल्या मजकुरावर चालवून मोकळं होतं, आणि पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच. ‘फॉल्स’ ही अक्षरंसुद्धा खरी. तिथे ‘स्टोअर ट्रू’ (फ्लॅग लिहिला की ‘खरं’) ही अ‍ॅक्शन हवी होती, किंवा पायथन ३.९ पासून आलेली ‘बूलियन ऑप्शनल अ‍ॅक्शन’. क्लिक या दुसऱ्या लायब्ररीत हाच फ्लॅग बूल म्हणून लिहिला असता तर ‘फॉल्स’चा अर्थ खोटा असाच लागला असता.

म्हणून आर्गपार्स, क्लिक आणि टायपर या तीन लायब्ररींकडे बघताना ‘कमी ओळींत कोण काम करतं’ एवढंच पाहू नका. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: वापरणाऱ्यानं चुकीचं काही टाइप केलं तर कोण थांबतं आणि कोण आपल्याच मनानं अर्थ लावून पुढे जातं.

तिघांची ओळख थोडक्यात. आर्गपार्स पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. पेप ३८९ (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मधून ते २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांत आलं. क्लिक २०१४ चं, फ्लास्क हे वेब फ्रेमवर्क लिहिणाऱ्या आर्मिन रोनाखरचं; ‘फ्लास्क रन’ ही कमांड चालते ती क्लिकवरच. टायपर २०१९ च्या शेवटी आलं, फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क लिहिणाऱ्या सेबास्तियान रामिरेसचं, आणि तेही क्लिकच्याच पायावर उभं राहिलं. गेटऑप्ट आणि ऑप्टपार्स हे जुने पार्सर अजून लायब्ररीत आहेत, पण नव्या कामाला ते घ्यायचं कारण मला दिसत नाही.

खालची उदाहरणं त्याच साधनाची आहेत. त्याचं नाव ‘हिशेब’ आणि सबकमांड (मुख्य कमांडनंतर लिहायचं कामाचं नाव) तीन: आण, जुळव, पाठव. (फ्लॅग देवनागरीत लिहिले तरी तिन्हीकडे चालतात. टर्मिनलमध्ये सारखा कीबोर्ड बदलायचा वैताग येतो, एवढंच.)

सबकमांडच्या आधी की नंतर?

खरी डोकेदुखी इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. `--सविस्तर` हा फ्लॅग तिन्ही सबकमांडना लागू आहे. वापरणारा कधी `हिशेब --सविस्तर पाठव` लिहितो, कधी `हिशेब पाठव --सविस्तर`. त्याच्या दृष्टीनं दोन्ही एकच.

आर्गपार्समध्ये तो फक्त मुख्य पार्सरवर (पार्सर म्हणजे लिहिलेली कमांड वाचणारा भाग; सबकमांडचा तो सबपार्सर) ठेवला, तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिणाऱ्याला ‘ओळखीचा नसलेला आर्ग्युमेंट’ अशी तक्रार आणि २ हा एक्झिट कोड (चूक झाल्याची खूण) मिळतो. ठीक आहे, निदान कळतं तरी. मग आपण शहाणपणा करून तोच फ्लॅग सबपार्सरवरही टाकतो, आणि आता पहिली तऱ्हा मोडते. तक्रारसुद्धा येत नाही. मुख्य पार्सरनं ‘खरं’ लिहून ठेवलेलं असतं, सबपार्सर आपली डिफॉल्ट ‘खोटं’ ही किंमत त्यावर चढवून मोकळा होतो. फ्लॅग दिलाय, चूक झाल्याचा संदेश नाही, आणि लॉगमध्ये एक ओळ जास्त नाही. यावर उतारा म्हणजे सबपार्सरवरच्या फ्लॅगचं डिफॉल्ट ‘सप्रेस’ ठेवायचं. मग तो स्वतः दिला असेल तरच किंमत लिहितो. हे माहीत नसेल तर अख्खी दुपार जाते.

क्लिकमध्ये ग्रुपचे फ्लॅग सबकमांडच्या आधी आणि सबकमांडचे नंतर, हा नियम आहे आणि तो कडक आहे. ग्रुपला मिळालेली किंमत कॉन्टेक्स्टमध्ये (कमांडांना सामायिक असलेल्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवून खाली पोचवावी लागते. दोन्ही जागी फ्लॅग हवा असेल तर तो दोन्हीकडे घेऊन दोन किमतींचा मेळ आपणच घालायचा, म्हणजे लिहावं इथेही लागतंच. फरक एवढा की आपण लिहिलेल्या किमतीवर क्लिक गुपचूप दुसरी किंमत चढवत नाही. टायपरमध्ये हेच काम कॉलबॅकमधून (सबकमांडच्या आधी चालणाऱ्या फंक्शनमधून) होतं.

नुसतं `हिशेब` टाइप केलं तर? आर्गपार्समध्ये सबकमांड आपोआप सक्तीची नसते. ३.७ पासून ‘रिक्वायर्ड’ द्यायची सोय आहे, पण ती विसरलात तर पार्सर खुशाल पुढे जातो आणि ‘नेमस्पेसला फंक नावाचा अ‍ॅट्रिब्यूट नाही’ असला ट्रेसबॅक त्या बिचाऱ्या खजिनदाराच्या तोंडावर येतो. क्लिकचा ग्रुप अशा वेळी मदतीचा मजकूर दाखवतो.

अर्धवट फ्लॅग

आर्गपार्स लांब फ्लॅगची सुरुवातीची अक्षरं ओळखून घेतं. `--महिना` ऐवजी `--मह` लिहिलं तरी चालतं. सोय वाटते, आणि कुणीतरी ती क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या यंत्रणेत) लिहून ठेवतं. सहा महिन्यांनी तुम्ही `--महसूल` हा नवा फ्लॅग घालता आणि रात्री दोन वाजताचा जॉब ‘संदिग्ध पर्याय’ म्हणून पडतो. म्हणजे फ्लॅग नुसता वाढवला तरी जुन्या कमांड मोडू शकतात. ३.५ पासून ‘अलाउ अ‍ॅब्रेव्ह’ बंद करता येतं. माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी बंद करा.

क्लिक आणि टायपर असा अंदाज बांधत नाहीत. जवळचा फ्लॅग असेल तर ‘हा म्हणायचा होता का?’ असं विचारून थांबतात. ३.१४ मध्ये आर्गपार्सलाही चुकलेल्या सबकमांडला किंवा ठरावीक निवडीला पर्याय सुचवायची सोय आली आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. रंगीत मदत मात्र त्याच आवृत्तीपासून न मागता मिळते.

टायपरचा गोडवा आणि त्याची किंमत

टायपरमध्ये फंक्शनची सही (म्हणजे त्याचे पॅरामीटर आणि त्यांचे टाइप) हीच कमांडची व्याख्या. डिफॉल्ट नसलेला पॅरामीटर आर्ग्युमेंट होतो, डिफॉल्ट असलेला फ्लॅग होतो, बूल असेल तर नकाराचा जोडफ्लॅगही आपोआप तयार होतो. ‘चाचणी’ नावाचा पॅरामीटर `--चाचणी` आणि `--no-चाचणी` अशी जोडी देतो. मराठी फ्लॅग ठेवणाऱ्यांनी हे नो-प्रकरण हसून सोडून द्यावं किंवा नाव स्वतः लिहावं. ज्यांच्या कोडमध्ये टाइप हिंट (कुठल्या किमतीचा टाइप काय हे सांगणाऱ्या नोंदी) आधीच आहेत त्यांना हे लिहिताना खरोखर मजा येते, मलाही येते.

एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. अ‍ॅपमध्ये एकच कमांड असेल तर टायपर तिचं नाव मागत नाही. `हिशेब --महिना जून` सरळ चालतं. लोक तसं वापरायला लागतात. मग तुम्ही दुसरी कमांड जोडता, आणि त्या क्षणी पहिलीचंही नाव लिहिणं सक्तीचं होतं: `हिशेब पाठव --महिना जून`. जुनी ओळ ‘असा पर्याय नाही’ म्हणून पडते. पुढे सबकमांड वाढणार हे ठाऊक असेल तर सुरुवातीलाच एक रिकामा कॉलबॅक लावून ठेवा, म्हणजे एकाच कमांडलाही नाव लागतं.

शिवाय टायपर एकटं येत नाही, सुंदर छपाईसाठी रिच वगैरे मंडळी सोबत आणतं. नुसती मदत दाखवायलाही किंचित जास्त वेळ लागतो. पण खरं सांगायचं तर वेळ बहुतेकदा आपणच खातो, फाइलच्या डोक्यावर पांडाज ही जड लायब्ररी इम्पोर्ट करून. तो इम्पोर्ट ज्या सबकमांडला लागतो तिच्या फंक्शनच्या आत न्या.

टेस्ट, पासवर्ड आणि देवनागरी

टेस्ट लिहिणाऱ्यांना क्लिक आवडेल. त्याचा सीएलआय-रनर कमांड चालवून एक्झिट कोड आणि छापलेला मजकूर हातात देतो, टायपरकडेही तोच आहे. आर्गपार्समध्ये यादी देऊन पार्स करता येतं, पण चुकीच्या वाटेची टेस्ट लिहिताना ‘सिस्टिम एक्झिट’ पकडत बसावं लागतं. क्लिकबद्दल एक सावधगिरी: त्याचा डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावरची @ ची ओळ) लावलेलं फंक्शन साधं फंक्शन राहत नाही. दुसरीकडून त्याला थेट हाक मारलीत तर ते कमांड-लाइन वाचायला लागतं. खरं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवायचं आणि कमांडनं त्याला नुसतं बोलवायचं.

मेलचा पासवर्ड फ्लॅगमधून कधीच घेऊ नका. तो शेलच्या हिस्टरीत राहतो आणि चालू प्रोसेसच्या यादीत दिसतो. क्लिकमध्ये तो न दाखवता विचारायची आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून उचलायची सोय तयार आहे. आर्गपार्सवाल्यांना त्यासाठी गेटपास मॉड्यूल वेगळं जोडावं लागतं.

मदतीचा मजकूर मराठीत ठेवणार असाल तर आर्गपार्सचे ठरावीक संदेश गेटटेक्स्ट या भाषांतराच्या मॉड्यूलमधून जातात, म्हणजे भाषांतर करता येतं. रकाने मात्र वाकडे होतात. आर्गपार्स आणि क्लिक दोघंही लांबी कोडपॉइंटनी (युनिकोडमधल्या सुट्या चिन्हांनी) मोजतात. ‘नोंद’मध्ये ते चार, डोळ्यांना दिसणारी अक्षरं दोन. रिच पडद्यावरची रुंदी मोजायचा प्रयत्न करतं, तरी जोडाक्षरांचं काय होईल ते त्या त्या टर्मिनलवर.

मग मी काय घेतो

एकच फाइल सर्व्हरवर कॉपी करायची आणि तिथे पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारं साधन) चालवायची परवानगी नसेल, तर आर्गपार्स, चर्चा नाही. फक्त वरच्या तीन गोष्टी करून: अर्धवट फ्लॅग बंद, सबकमांड सक्तीची, बूल टाइप हद्दपार. आपल्याच टीमपुरतं साधन, सगळे टाइप हिंट लिहिणारे, तर टायपर. जे साधन अनोळखी माणसं चालवणार आहेत आणि ज्याच्या सबकमांड वाढत जाणार आहेत, तिथे मी क्लिक घेतो. ओळी थोड्या जास्त होतात, पण कुठला फ्लॅग कुठे लागू होतो ते कोड वाचून कळतं.

‘हिशेब’ मी शेवटी आर्गपार्सवरून क्लिकवर नेलं. कोड बदलायला एक संध्याकाळ पुरली. जास्त वेळ गेला तो खजिनदारांच्या संगणकावरच्या क्रॉनटॅबमध्ये आणि त्यांच्या वहीत लिहून ठेवलेल्या कमांडमध्ये `--मह` शोधण्यात.