कापसावरचं आयात शुल्क: ठेवावं की काढावं?

अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादलं आणि केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं. वस्त्रोद्योगातले जाणकार म्हणतात, कच्चा माल स्वस्त पडला तरच तिरुपूरचे कपडे बाहेर टिकतील. मुद्दा खरा आहे.

शेतीचे अभ्यासक मात्र वेळेवर बोट ठेवतात. सवलत डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीत चालली. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, पण सीसीआय, म्हणजे हमीभावाने खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-धरणगावकडचा पहिल्या वेचणीचा ओला माल मग खेडा खरेदीत, म्हणजे गावातच होणाऱ्या खासगी खरेदीत, व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, आणि तिथे हमीभाव कोण विचारतो?

मला शुल्क ठेवणंच पटतं. गिरण्यांना सवलत द्यायचीच, तर शेतकऱ्याच्या घरातला कापूस विकला गेल्यावर द्या.