सूक्ष्मजीवांच्या वस्तीचं गणित: लोट्का-व्होल्टेरा घ्यावं की संसाधन-प्रारूप?

वस्तीत दिवसागणिक कोण वाढतं, कोण मागे पडतं, हे समीकरणांत बसवायला निघालात की बहुधा या दोघांपैकी एकाशी गाठ पडते.

लोट्का-व्होल्टेरा समीकरणं १९२५-२६ची; मुळात भक्ष्य-भक्षकांची, आता अनेक प्रजातींसाठी वाढवलेली. त्यांची मोहिनी अशी की माध्यमात अन्न काय आहे हे माहीत नसलं तरी चालतं. प्रत्येक प्रजातीचा वाढीचा दर आणि प्रत्येकीचा इतरांवर व स्वतःवर होणारा परिणाम, बस्स. पण मोजून बघा: १० प्रजाती म्हणजे १० दर आणि १०० परिणाम. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण आठवड्याला एक अशा बारा नमुन्यांतून ११० आकडे काढायला बसू नका. शिवाय डीएनए वाचून हाती येतात त्या नुसत्या टक्केवाऱ्या. एकीचा टक्का वाढला की बाकीच्यांचा मिळून घटतोच, आणि नसलेली स्पर्धा दिसू लागते. एकूण पेशींची मोजणी सोबत नसेल तर या वाटेला जाऊच नये.

आता योगर्ट घ्या (घरच्या विरजणात कोण कोण असतं, ते विचारू नका). स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल पुरवतो. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस केसीन फोडून अमिनो आम्लं. दोन्ही परिणाम धन. ही मैत्री जरा घट्ट झाली की लोट्का-व्होल्टेरात दोघांची संख्या कागदावर अनंताकडे धावते! परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मॅकआर्थर यांच्या वळणाच्या संसाधन-प्रारूपात अन्नालाही स्वतःचं समीकरण असतं. लॅक्टोज संपतं, वाढ थांबते. आम्लतेचा अडसर मात्र वेगळा घालावा लागतो.

किंमत? कोण काय खातं, काय बाहेर टाकतं, हे मोजायला हवं. एचपीएलसी (द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताशी नसेल तर अवघडच. तरी २०१८चा एक प्रयोग धीर देतो: माती आणि पानांवरच्या वस्त्या ग्लुकोजवर, दर ४८ तासांनी थोड्या नव्या माध्यमात घालत, विरजण लावावं तशा वाढवल्या. प्रजाती निरनिराळ्या उरल्या, कुळांचं प्रमाण मात्र बरंचसं जुळलं. आणि यादृच्छिक आकडे घातलेल्या संसाधन-प्रारूपानंही तेच दाखवलं.

म्हणून प्रजाती पाच-सहा, अन्न ठरलेलं आणि पेशी मोजलेल्या असतील तर लोट्का-व्होल्टेरा पुरे. अन्न बदलून बघायचं असेल तर संसाधन-प्रारूपच. कोणतंही घ्या, वस्तीला धक्का बसल्यावर, जसं अँटिबायोटिक दिल्यानंतर, पहिल्या दिवसांत नमुने दाट घ्या. स्थिरावलेल्या वस्तीचे पन्नास नमुनेही तेच ते सांगत राहतात.